चोथ्यातली साखर

५ मार्च, गुरुवार

आज धाकट्या भावाची मधमाश्यांची आणखी एक पेटी गेली. सकाळी झाकण काढलं तर माश्या पोळ्याच्या घरांत डोकी खुपसून बसलेल्या, नुसती शेपटं बाहेर. मला वाटलं आत काही काम चाललंय. धाकटा म्हणाला, "काम नाही ताई, उपास आहे हा. तळाला थेंबभर उरलंय का बघायला आत शिरतात आणि तिथेच संपतात." मग त्याने मऊ कुंचल्याने सगळ्या ताटलीत झाडून घेतल्या आणि जेवायला आलाच नाही. दोन हाका मारल्या, मग ताट झाकून ठेवलं.

सात पेट्या होत्या, आता चार उरल्या. पलीकडची फळबाग तोडून गोदामं उभी राहिली, त्यात पावसानेही पाठ फिरवली. फूल म्हणून औषधाला नाही. अशा वेळी माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो आणि साखरच बाजारातून गायब झाली आहे. दुकानदाराला विचारलं की तो छताकडे बघतो. घरातली होती नव्हती ती, डब्याचा तळ खरवडून, माश्यांना गेली. आम्ही बिनसाखरेचा चहा पितो. धाकट्याला तसाही गोडाला मज्जाव आहे. माश्यांना मध आणि याला मधुमेह, असा देवाचा हिशोब.

भावजय गेली तेव्हा हा एक ट्रंक आणि दोन पेट्या घेऊन माझ्याकडे राहायला आला. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर करणार काय? दोनाच्या सात पेट्या केल्या. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, हा पोळ्याच्या चौकटी उचलून दाखवायचा. या चार गेल्या तर तोही त्यांच्यामागे जाईल असं मला वाटतं. लिहू नये असलं, पण वाटतं खरं.

८ मार्च, रविवार

मुकादमीण आली होती. ज्यूस-जॅमच्या फॅक्टरीत माझ्या हाताखाली शिकली, आता तिच्या हाताखाली वीस बायका आहेत. म्हणाली, "मावशी, सफरचंदाचा हंगाम संपत आला. चोथा आणि साली नुसत्या उकिरड्यावर जातात."

तिथे माझ्या डोक्यात दिवा लागला. चोथा म्हणजे काय नुसता भुसा? रस काढला तरी सालीत, गरात पुष्कळ साखर अडकून राहते. फॅक्टरीत रस निवळायला एक पावडर घालायचे. ती घातली की गर विरघळतो आणि आत धरून ठेवलेलं सगळं सोडतो. त्या पावडरीत चोथा कोमट ठेवला, साखर सुटली, गाळून घेतली, की झाला माश्यांचा पाक. शाळेत चौथीपुढे गेले नाही, पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अडचण वेळेची. लवकर काढलं तर पाणचट, उशीर झाला तर आंबतं, आणि आंबलेलं पाजलं तर माश्यांची पोटं बिघडतात. नेमकी वेळ साधायची म्हणजे मधून मधून चाखायला हवं.

मुकादमीण म्हणाली, "चाखायला तुम्ही आहातच. नाहीतर ती साखर बघायची काचेची नळी आणू का? केमिस्टला विचारते, दोन दिवस देईल."

"मला नळी?" मी म्हटलं. "उद्या माशाला पोहण्याचा क्लास लावशील."

ती हसली, धाकटाही हसला. मीपण हसले.

हे इथेच लिहिते आणि इथेच राहू दे. गेल्या वर्षीच्या त्या तापापासून माझ्या जिभेला चव नाही. नाकाला वासही नाही. तोंडात घालते ते मऊ का कडक, गरम का गार, एवढंच कळतं. सगळा जन्म त्या फॅक्टरीत ढवळणी धरून गेला. चाखणबाई म्हणायचे मला. एक थेंब जिभेवर ठेवला की कढई उतरवायची की नाही ते सांगायचे आणि त्या शब्दावर सगळी पाळी हलायची. डोळे गेलेल्याला लोक हात देतात. चाखणबाईची जीभ गेली तर काय देतील? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

उद्यापासून चोथा येणार. चाखणार कोण, ते ठरलेलं नाही.

१० मार्च, मंगळवार

उपाय सापडला. हे रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर आहे. त्यात काट्याचं मीटर मिळालं. संसार केला रेडिओवाल्याशी, तर भाजी निवडता निवडता थोडीफार वीज मलाही शिकावी लागली. चांगलं पाणी विजेला फारसं जाऊ देत नाही, त्यात काही विरघळलं की वाट मोकळी होते. मग साखर सुटली की काटा चढणार, सरळ गोष्ट आहे.

स्टीलचे दोन चमचे एका लाकडी पट्टीला बोटभर अंतराने बांधले. करंटसाठी दारावरच्या घंटेचा छोटा ट्रान्सफॉर्मर काढला, त्याने शॉक बसत नाही. बॅटरी लावली तर चमच्यांवर बुडबुडे धरतात आणि काटा खोटं बोलतो, हे यांनीच एकदा दाखवलं होतं.

धाकटा म्हणाला, "आता कुणी आलं तर?"

"दार बडवतील."

"आणि तू चमच्यांना विचारत बसणार, बाबांनो, गोड लागतंय का?"

"म्हातारपणी माणसाने आपल्या जिभेला कामाला लावू नये," मी म्हटलं. "तासातासाला चाखून तोंड सोलवटतं." त्याला पटलं. निदान मान तरी डोलावली.

काटा तपासायला साखर हवी, ती घरात कुठली? फडताळात सफरचंदाच्या जॅमची अर्धी बाटली होती. नुसत्या पाण्यात काटा जेमतेम हलला. एक चमचा जॅम घातला, चढला. दोन घातले, आणखी चढला. काचेवर कागद चिकटवून पेन्सिलीने खुणा केल्या: पाणी, जरा गोड, गोड, भरपूर. फार दिवसांनी यांच्याशी मनात बोलले.

१२ मार्च

पिंप न्हाणीघरात ठेवलंय. आत चोथा, कोमट पाणी, मुकादमिणीने दिलेली पावडर. बाहेरून जुनी गोधडी गुंडाळली आणि खाली बल्ब लावला. धाकटा म्हणतो आजारी माणूस वाटतं. आंघोळ आम्ही अंगणातल्या नळाखाली केली. शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिलाही जरा करमणूक.

दुपारपर्यंत काटा झपाझप चढला. "जरा गोड" ओलांडून "गोड"च्या जवळ गेला आणि तिथे अडून बसला. पिंपाच्या तोंडाशी ओघळ आला होता, त्याला मुंग्यांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत काटा ढिम्म. पावडर जुनी तर नसेल? धाकटा दर थोड्या वेळाने येऊन विचारतो, "झालं?" त्याला "अजून जरा" म्हणते आणि परत काट्याकडे बघते. कोपऱ्यातल्या पेटीला त्याने आज मधाच्या जुन्या बरणीत पाणी खळबळून दिलं. तेवढंच होतं.

आता काढावं का? पण काटा "भरपूर"पर्यंत गेलेला नाही. पाणचट पाजून काय उपयोग? राहू दे रात्रभर.

१३ मार्च, शुक्रवार

काटा पुन्हा चढला. सकाळी बघते तर "भरपूर"च्याही पुढे, कागदाच्या कडेला. पिंपात बारीक बारीक बुडबुडे, म्हणजे पावडर कामाला लागलीय. मुंग्यांची रांगही आपोआप गेली, झाडायचा त्रास वाचला. कधी नव्हे ते सगळं मनासारखं झालं.

धाकटा न्हाणीघराच्या दारात थांबला. "ताई, वास जरा चढल्यासारखा नाही वाटत?"

"सफरचंदाच्या चोथ्याचा असाच असतो. फॅक्टरीत तू होतास का मी?"

"तू." मग थोड्या वेळाने, "पण तू चाखलंस ना?"

"चाखलं."

त्याने गाळून घ्यायला त्याचं धुतलेलं मलमल आणलं. कोपऱ्यातल्या पेटीला आधी दिलं, तीच सगळ्यात अशक्त. माश्या बशीवर नुसत्या तुटून पडल्या. धाकटा गुडघ्यावर बसून बघत होता. मागून त्याचं टक्कल बघितलं तर लहानपणी गोट्या खेळायचा तसाच वाटला. आज दोन घास जास्त जेवला.

१५ मार्च, रविवार

कोपऱ्यातली पेटी गेली.

कालच तिच्या तोंडावर तपकिरी ओघळ दिसले होते. पोटं बिघडली की पेटीत घाण करत नाहीत म्हणे, बाहेर यायला धडपडतात आणि तोंडाशीच होतं. आज जमिनीवर माश्या रांगत होत्या. पोटं टम्म, पंख असून उडता येईना. धाकट्याने एक तळहातावर घेतली, ती हळूहळू त्याच्या मनगटाकडे चालत राहिली. त्याने तिला मनगटापर्यंत जाऊ दिलं.

माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू चाखलं होतंस ना ताई?"

"हो रे."

"आंबट नव्हतं?"

"नव्हतं."

कुठून बोलले मी हे? उरलेला पाक त्याने गटारात ओतला. ओतण्याआधी करंगळी बुडवून जिभेला लावली आणि लगेच थुंकला. मला वाटलं गोडाचं पथ्य आहे म्हणून थुंकला.

दुपारी चहा त्यानेच केला. एरवी मीच करते. मी प्याले, तो कप हातात धरून माझ्याकडे बघत बसला. म्हणाला, "कसा झालाय?"

"छान झालाय. तुझ्या हातचा चहा म्हणजे काय."

त्याने आपला कप मोरीत ओतून टाकला आणि बराच वेळ विसळत राहिला. माश्यांच्या दुःखाने अन्नपाणी गोड लागत नाही त्याला. मलाही फार तहान लागली, दोन तांबे पाणी प्याले.

१७ मार्च, मंगळवार

मुकादमिणीने दार बडवलं. पदराच्या टोकाला पुडी बांधून आणली होती. "मावशी, चहापुरती साखर. कुणाला सांगू नका." तिला काय सांगू मी, रडूच आलं. ती म्हणाली फॅक्टरी शनिवारी बंद होतेय, हंगाम संपला. उद्याची गाडी शेवटची. प्रयोगशाळेला आजच कुलूप लागलं, केमिस्ट गावाला गेला. म्हणजे ती नळीही गेली.

ती गेल्यावर पुडी हातात घेऊन बसले. काट्याने गोड सांगितलं आणि माश्या पोट बिघडून मेल्या. चूक पावडरीची, पाण्याची, की मीटरची? उकळून गार केलेलं पाणी वाटीत घेतलं, चमचे बुडवले. काटा "पाणी"वर. मग पुडीतली सगळी साखर त्यात ओतली आणि विरघळेपर्यंत ढवळली.

काटा हलला नाही.

तारा तपासल्या. चमचे घासून परत बुडवले. हलला नाही. एवढी साखर त्या वाटीत होती आणि माझ्या मीटरला तिचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या वाटीत नुसतं पाणी घेऊन चिमूटभर मीठ टाकलं, काटा उडाला. तिसऱ्यात लिंबू पिळलं, काटा उडाला.

मग उठून जॅमची बाटली उजेडात धरली. त्यात काय काय घालतात ते मला नको सांगायला, जन्मभर मीच घातलंय. लिंबाचं सत्व. चिमूटभर मीठ. मी जॅमचं आंबट मोजलं आणि त्याला गोड नाव दिलं. काटा खोटं बोलला नाही. त्याला जे कळतं तेच तो सांगत होता. आंधळीने आंधळ्याला वाट विचारली आणि दोघांनी मिळून धाकट्याच्या माश्या खड्ड्यात नेल्या.

वाटीतलं साखरेचं पाणी धाकट्याला दिलं. "हे कुठून?" म्हणाला. सांगितलं मुकादमिणीचं. त्याने तीन पेट्यांत घोट घोट वाटून टाकलं. काट्याचं मी त्याला सांगितलं, सगळं, जॅमसकट. तो ऐकत राहिला. सांगण्यासारखं आणखी एक होतं, ते जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. त्या जिभेवर आता दुसरं काही बसतच नाही.

१८ मार्च

शेवटची गाडी आली. दोन पोती चोथा. यानंतर काही नाही.

आज आणखी एक पेटी उपासाने गेली. दोन राहिल्या. त्यांत इतक्या थोड्या माश्या आहेत की धाकटा झाकण उघडायलाही घाबरतो, ऊब जाईल म्हणून.

दुपारभर त्या बारा-तेरा तारखेच्या पिंपाचा विचार केला. काटा चढला, मग अडला, मग परत चढला. पहिला चढ म्हणजे साल विरघळून आतलं सगळं बाहेर आलं, त्यात क्षार होते, फळाचं आंबट होतं आणि त्यांच्याबरोबर साखर. साखर काट्याला दिसत नाही, पण ती त्यांच्याच वरातीतून आली. मग सगळं सुटून झालं म्हणून काटा थांबला. मुंग्या आल्या त्या तेव्हाच. पुढचा चढ म्हणजे साखर आंबत गेली. मुंग्यांना कळलं, त्या उठून गेल्या. मी मात्र म्हणाले, बरं झालं, झाडायचा त्रास वाचला.

म्हणजे काटा निकामी नाही. तो जिथे अडतो तिथे पिंप काढायचं. पण अडला हे पक्कं करायला जीभ हवी.

मी तोंड उघडणार तोच धाकटा म्हणाला, "या वेळी मी चाखतो. तू मला शिकव."

"तुला मधुमेह आहे."

"थुंकेन. तुम्ही फॅक्टरीत थुंकायचात ना?"

"तुला माझ्यावर भरवसा नाही राहिला."

"तसं नाही ताई. दोन जिभा असलेल्या बऱ्या." आणि हातपाय धुवायला निघून गेला. वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याचं जास्त वाईट वाटलं.

१९ मार्च, गुरुवार

आजचं सगळं लिहायला हवं.

सकाळी पिंप लावलं. धाकट्याला शिकवलं: आधी कोमट पाण्याने चूळ, मग अर्धा चमचा, जिभेवर फिरवायचं, श्वास नाकातून सोडायचा, थुंकायचं. पहिल्या वेळी थुंकला. दुसऱ्या वेळी बादलीकडे वाकला आणि काहीच पडलं नाही.

"गिळलंस?"

"गेलं चुकून."

"तिसऱ्यांदा चुकलं तर बादली डोक्यावर घालीन."

"किती वर्षांनी गोड गेलं गं पोटात," म्हणाला. त्याचं तोंड असं झालं होतं की मला पुढे रागवता येईना.

काटा चढत होता, मग मंदावला. पण मागच्या वेळेसारखा अडेना. मुंगीच्या पावलाने सरकतच राहिला. या लॉटमध्ये सडकी फळं जास्त होती, साखर सुटणं आणि आंबणं दोन्ही एकाच वेळी सुरू झालं असणार. आता काढावं तर अजून साखर सालीत आहे, थांबावं तर आंबणार. आणि दुसरा चोथा नाही.

"काय लागतंय?" मी विचारलं.

"गोड आहे. आंबटपण आहे. सफरचंद आंबटच असतं ना? हे फळाचं आंबट का बिघडल्याचं, ते मला कुठून कळणार?" त्याने चमचा भरला आणि माझ्यापुढे धरला. "हे तुझं काम आहे ताई. चाख."

मी चमचा तोंडात घेतला. कोमट, जरा दाट. बाकी काही नाही. डोळे मिटले, जिभेच्या टोकाशी नेलं, कडेला नेलं, जुन्या सवयीने सगळं केलं. रिकाम्या घरात हाक मारल्यासारखं. धाकटा वाट बघत होता. "काढ" म्हटलं असतं तर त्याने काढलं असतं, "थांब" म्हटलं असतं तर थांबला असता.

"मला काही कळत नाही," मी म्हटलं. "चव गेलीय माझी. वासही. त्या तापापासून."

त्याने पिंपावरची सरकलेली गोधडी नीट केली.

"कोपऱ्यातली पेटी मी मारली. चाखलं म्हणाले ते खोटं होतं."

त्याने माझ्या हातातून चमचा घेतला, पाण्यात बुडवून धुतला, पुसला. मला वाटलं आता उठून जाईल. मी विचारलं, "तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटायचं ते रविवारीच वाटून झालं," म्हणाला. रविवारी तर पेटी गेली होती, माझ्या जिभेचा तेव्हा त्याला काय पत्ता? दुःखाने माणूस काहीतरी बोलतो. मग म्हणाला, "आता रडत बसलीस तर पिंप आंबेल. तुला चव नाही, मला अक्कल नाही. विचार काय विचारायचं ते."

तेव्हा मी विचारायला लागले. गोड का आंबट हे विचारलंच नाही, ते नवशिक्याला कधी विचारू नये. विचारलं, थुंकल्यावर तोंडाला पाणी सुटतं का गाल आत ओढले जातात?

"पाणी सुटतं."

"घशाशी काही टोचतं?"

"नाही."

"नाकातून श्वास सोड. डोळ्यांत काही चढतं?"

"नाही. थांब. किंचित." परत अर्धा चमचा घेतला. "हो. अगदी शेवटी. पेंटचा डबा उघडल्यासारखं."

काट्याकडे बघितलं. सरकत होता. "काढ," मी म्हटलं. "आत्ता. जेवढं सुटलं तेवढं आपलं."

दोघांनी मिळून पिंप कलतं केलं. पाठीत उसण भरली, भरू दे. गाळलं, लगेच तापवून पुढचं आंबणं मारलं, गार केलं, परत मलमलमधून सोडलं. दोन पोत्यांतून एक लहान घागर निघाली. धाकट्याने परत चाखलं. म्हणाला, "साखरेच्या पाकाच्या निम्मंही गोड नाही." मग मंद आचेवर आटवत बसलो. करपल्याचा वास आला तर ओरड, असं मी त्याला बजावलं, कारण मला तोही येत नाही. हे मोठ्याने म्हणताना काहीच झालं नाही. छप्पर जागेवर राहिलं.

शेवटी दोन बाटल्या भरल्या. संध्याकाळी धाकट्याला गरगरायला लागलं. बादलीत थुंकलेलं किती आणि गिळलेलं किती, विचारू नये हेच बरं. गोळी दिली आणि पडायला लावलं.

२० मार्च

धाकट्याने रात्री विचार करून ठेवला होता. दोन पेट्या वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही जाणार, एवढ्याशा माश्यांना ऊबही धरता येत नाही आणि दोन बाटल्या दोघींना पुरणार नाहीत. त्या एक करायच्या.

मी म्हटलं, "मग ओत एकीत."

"ओतल्या तर मारामारी करून मरतील. वास वेगळा आहे त्यांचा." खालच्या पेटीवर वर्तमानपत्राचं एक पान पसरायचं, त्याला सुईने चार भोकं पाडायची आणि वर दुसरी पेटी ठेवायची. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडत राहतात. तो संपेपर्यंत वास एकमेकींत मिसळतो आणि मग भांडायचं कारण उरत नाही. कुरतडायची ताकद राहिली असेल तर.

पण राणी एकच ठेवावी लागते. धाकट्याने खालच्या पेटीतली म्हातारी राणी चौकटीवरून उचलली. ती त्याच्या पहिल्या दोन पेट्यांमधल्या एकीच्या वंशाची. माझ्याकडे पाठ केली. मी विचारलं, "दुसरा मार्ग नाही?" तो म्हणाला, "असता तर तुला नसता दिसला का ताई?" वळला तेव्हा बोटं पँटला पुसत होता.

मग कागद, वर पेटी आणि सगळ्यात वर, झाकणाखाली, बशीत आमचा पाक. आधी अगदी थोडा दिला. त्याने परत चाखून दिला आणि या वेळी खरंच थुंकला.

दिवसभर कुणी बाहेर आलं नाही.

२१ मार्च, शनिवार

सकाळी उन्हं येण्याआधी धाकटा पेटीपाशी जाऊन बसला होता. त्याचे गुडघे वाजतात म्हणून स्टूल नेलं नि त्याच्या मागे ठेवलं. बसला नाही. पेटीच्या तोंडाशी काही नव्हतं. झाकणाच्या फटीतून बघितलं तर बशीतला पाक वरून थोडा खाली गेला होता, तो नुसता आटला का कुणी प्याला हे सांगता येत नव्हतं. तपकिरी ओघळ मात्र नव्हता.

"उघडून बघू?" मी विचारलं.

"नको. थंडी शिरेल." त्याने फटीशी तळहात धरला. "ताई, फुलं अजून कुठेच नाहीत. बाटल्या संपल्यावर काय?"

मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले. फॅक्टरीचा भोंगा आज वाजला नाही, हंगाम संपला. रस्त्यावर माणूस नाही.

बऱ्याच वेळाने पेटीच्या फटीतून एक माशी पाठमोरी बाहेर आली. काहीतरी ओढत होती. कडेपर्यंत आणलं आणि खाली टाकलं. कागदाचा कपटा, नखाएवढा, त्यावर छापील रेघ. ती आत गेली. दुसरी आली, तिनेही कपटा टाकला. मग दोघीतिघी.

धाकट्याने तो कपटा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.

मग मी खाली वाकून पेटीच्या फळीला कान लावला. आधी खालच्या पेटीला, मग वरच्या. कान माझे अजून शाबूत आहेत. काल वर एक गुणगुण होती आणि खाली निराळी, बारीक, थकलेली. आज कितीतरी वेळ कान लावून ठेवला, पण कुठली कुठली ते मला वेगळं करता येईना.